तुम्ही बसलात तो बॉक्स

आत्या, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. भेटायला आलेल्या बायकांनी ते बरोबर टिपलं. तुमच्या जाऊबाई स्वयंपाकघरात, मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "सासू-सुनंचं पटत नव्हतं ना." पटत नव्हतं! आपली चौदा वर्षं कुणी एवढ्या मऊ शब्दात गुंडाळली तर तुम्हालाही रागच आला असता. आपण भांडत होतो. मनापासून, रोज, कधी कधी दोन-दोन शिफ्टमध्ये.

माणूस गेलं की त्याच्याविषयी चांगलं बोलावं म्हणतात. ते काम मोशीच्या चौकातल्या फ्लेक्सने केलं. 'प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या.' मनमिळाऊ हा शब्द वाचून मला हसू फुटलं आणि ते लपवायला पदर तोंडाला लावावा लागला. तेवढ्यापुरतं लोकांना वाटलं, सून रडली. फोटो माझ्या मोबाइलमधला, तुमच्या नातीच्या, ओवीच्या वाढदिवसाचा. त्यात तुमच्या शेजारी मी होते. फ्लेक्सवाल्याने मला कापून टाकलं, पण तुमच्या खांद्यावर ठेवलेला माझा हात काही त्याला कापता आला नाही. त्यामुळे तेरावं होऊन गेलं तरी चौकात तुम्ही आणि माझी चार बोटं टांगलेली होती.

मी हे लिहितेय ते सूड म्हणून. तुम्ही माझं एक वाक्य कधी पूर्ण होऊ दिलं नाहीत. "आत्या, मला वाटतं..." एवढं झालं की तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागायचात. कुकर गॅसवर नसला तरी मोजायचात. आता मधे बोलायची सोय नाही, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

पहिल्यापासून सांगते. मी भाडेकऱ्याची पोर. माझे वडील लातूरकडून भोसरीच्या कंपनीत लागले आणि तुमच्या चाळीतल्या तिसऱ्या खोलीत राहायला आले. तुमची शेती कंपन्यांखाली गेली होती, उरलेल्या तुकड्यावर तुम्ही खोल्या बांधल्या होत्या आणि गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुम्ही त्यांच्यावर राज्य करत होतात. कोण कधी आलं, कुणी किती बादल्या भरल्या, कुणाकडे पाहुणा चौथ्या दिवशीही आहे, सगळं तुम्हाला ठाऊक. तुमच्या लेकाने, संतोषने, त्या तिसऱ्या खोलीतल्या मुलीशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्या आईशी बोलला नाहीत. पाणी मात्र वेळेवर सोडत होतात, हे कबूल करते.

लग्नानंतर मी सकाळी उठून सगळी पातेली पाण्याने भरून ठेवायची, सवयच तशी होती. तुम्ही शेजारणीला सांगितलंत, "भाडेकऱ्याची हाय, तिला वाटतं नळ जाईल." मी तेव्हा काही बोलले नाही. नवी होते. पण ते वाक्य मी जपून ठेवलं, तुम्ही पैठणी ठेवता तसं.

आणि तरी रविवार होते. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी मी तुमची साखर तपासायची. थेरगावच्या हॉस्पिटलात मी दिवसभर लोकांचं रक्तच काढते, पण तुमच्याइतकं नाटक एकाही पेशंटने केलं नाही. बोट पुढे आणि तोंड भिंतीकडे. "टोच एकदाची. टोचायची सवयच हाय तुला." एकदा मला ताप होता म्हणून संतोषने मशीन हातात घेतलं, तर तुम्ही हात पदराखाली घातलात. "तू नगं. हिचा हात हलका हाय, दुखत न्हाई." हे तुम्ही त्याला सांगितलंत. मी आतल्या खोलीत पांघरुणात होते, मला ऐकू येतंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. किंवा असेल, तुमचं काही सांगता येत नाही.

साखर वाढली की मी घर शोधायची. बाजरीच्या डब्यात हात घातला की कोपरापाशी जिलबीची पुडी लागायची. "उंदरानं ठिवली आसंल," असं तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचात. मोशीतले उंदीर पुडीला दोरा बांधतात हे मला तुमच्यामुळे कळलं.

आता मिरज.

ओवीला तिसऱ्या वर्षी दमा लागला. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा. नाशिक रस्त्यावर, चाकणला जाणारे कंटेनर जिथे दारासमोरून चोवीस तास जातात, तिथे धुळीपासून लांब म्हणजे कुठे? गच्चीवर? मी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. तुम्ही त्यांना नावं ठेवलीत आणि दुपारी मी कामावर गेले की त्या पुन्हा ओल्या केल्यात, हे मला ओवीकडून कळायचं. वाफेचं मशीन आपल्या घरात टीव्हीपेक्षा जास्त चाललं. मग मैत्रिणीच्या लग्नाला आम्ही मिरजेला गेलो, चार दिवस राहिलो आणि चार दिवसांत ते मशीन पिशवीतून बाहेर काढावं लागलं नाही. ओवी अंगणात पळाली. पळताना ती कशी दिसते ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. मी परत येताना गाडीतच ठरवलं की तिथे राहायला जायचं.

ठरवायला सोपं होतं. मिरज सगळी हॉस्पिटलांची, लॅबवालीला काम न मिळायला काय झालं! संतोष चाकणच्या कंपनीत टूलरूममध्ये, त्याच्या हातची कामं कुपवाडच्या कारखान्यांतही लागतात. लहान शहर, घरापासून कामापर्यंत सायकलने जावं एवढं. मी हे सगळं तुम्हाला जेवताना सांगितलं.

"मिरजंला काय हाय?" तुम्ही विचारलंत.

"हवा आहे."

"हवा खाऊन ऱ्हानार?" आणि मग तो घाव, जो तुम्ही नऊ वर्षं पुन्हा पुन्हा घातलात. "इथं तुला मालकीन म्हनत्यात. तितं परत भाडेकरी व्हायला चाललीस?"

मी संतोषकडे बघितलं. तो भात कालवत होता. रात्री विचारलं तर म्हणाला, "माझं काय नाय. मी तयारे. आई नाय म्हणती." नऊ वर्षं हेच वाक्य. मी तयारे, आई नाय म्हणती. आणि सकाळी उठून मी तुमच्याशी भांडायचे, कारण भांडायला समोर तुम्हीच होतात, खुर्चीत, पाय रोवून.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मात्र मी ऐकलं नाही. मिरजेच्या हॉस्पिटलचं पत्र आलं, घर बघून झालं, शाळा बघून झाली. अकरा बॉक्स भरले. भांड्यांच्या सगळ्यात मोठ्या बॉक्सवर मी लॅबमधल्या मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं, मिरज. टेम्पो सकाळी दारात आला. आणि तुम्ही मेथीची जुडी घेऊन बाहेर आलात, तो बॉक्स पायाने उंबऱ्यापर्यंत ढकललात आणि त्यावर बसलात. बरोबर दारात. आतलं बाहेर जाईना की बाहेरचं आत येईना.

"आत्या, उठा."

"माझ्या डोळ्यादेखत न्हाई."

बस्स, एवढंच. मग तुम्ही मेथी निवडत राहिलात. एक जुडी निवडायला कुणी सहा तास लावल्याचं मी पाहिलं नव्हतं. टेम्पोवाल्याला तीन वेळा चहा तुम्हीच द्यायला लावलात, बॉक्सवरून न उठता, मला हुकूम सोडून. भावकी जमली. संतोष गेटपाशी खिशात हात घालून उभा होता. मी त्याला म्हटलं, तुझी आई आहे, तू उठव. तो म्हणाला, "तीच बसलीय, मी काय करू?" तेव्हा तुम्ही एकदाच मान वर करून त्याच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बोल की रं आता." मला वाटलं, लेकाला आपल्या बाजूने बोलायला चिथावताय. तो काही बोलला नाही. संध्याकाळी टेम्पो रिकामा गेला. मिरजेची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आणि मी पुन्हा थेरगावला कामावर हजर झाले.

मी तुमच्याशी अकरा दिवस बोलले नाही. मधे रविवार आला. न बोलता मशीन काढलं, न बोलता बोट धरलं आणि मुद्दाम खोल टोचलं. तुम्हाला कळलं. तुमचं बोट दचकलं. तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात आणि एक शब्द बोलला नाहीत. त्या टोचण्याची मला लाज वाटते असं मी लिहायला हवं. पण आज खरंच लिहायचंय, म्हणून सांगते की तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तो बॉक्स मी माळ्यावर टाकला. तुमच्या वजनाने त्याचं झाकण मधोमध खोल दबलं होतं.

या वर्षी, तुम्ही आजारी पडायच्या थोडं आधी, मैत्रिणीचा फोन आला की तीच जागा पुन्हा रिकामी होतेय, शाळा सुरू व्हायच्या आत कळव. मी तुमच्यासमोरच बोलले, मुद्दाम मोठ्याने. तुम्ही काही म्हणाला नाहीत. मला वाटलं, नवा डाव रचताय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, एवढं मी तुम्हाला ओळखून होते.

मग हॉस्पिटल. ती दुपार मला पुन्हा पुन्हा आठवते. संतोष औषधं आणायला खाली गेला होता. मी तुमच्या पायांना तेल लावत होते. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मनिशा, पोरीला घिऊन जा मिरजंला."

माझा हात थांबला. "आता सांगता? नऊ वर्षांनी?"

"व्हय. आता."

आत्या, मी तुमचे पाय धरून रडायला हवं होतं. मला मात्र असा संताप आला की कान गरम झाले. नऊ वर्षं मी जे मागत होते ते तुम्ही जाता जाता, उरलेला पदार्थ द्यावा तसं माझ्या ताटात टाकलंत. म्हणजे आता मी गेले तरी तुमच्या परवानगीने गेले असं होणार. माझं जाणंसुद्धा तुमच्या नावावर! मी काही न बोलता पाण्याची बाटली उचलली आणि भरायला गेले. ती निम्म्याच्या वर भरलेली होती. परत आले तर तुम्ही झोपला होतात. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, कुणाशीच नाहीत. माझं उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

मी ते कुणाला सांगितलं नाही. संतोषलासुद्धा नाही.

म्हणून दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर जे झालं ते माझ्यामुळे झालं. महाराजांचं प्रवचन झालं, चार पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, त्यातल्या एकाने तुमचं नाव चुकवलं. पिंड मांडले. शेजारी पानावर तुमच्या आवडीचं सगळं ठेवलं, जिलबीसुद्धा. आणि कावळा येईना. तुम्ही रोज सकाळी कठड्यावर भाकरीचा तुकडा ठेवायचात, कावळ्यांना नावाने हाका मारायचात, त्यातला एकही फिरकला नाही.

पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. लोक कुजबुजायला लागले. काहीतरी इच्छा राहिलीय. आणि आत्या, तुमची इच्छा काय असणार याबद्दल त्या अख्ख्या घाटावर एकाच्याही मनात शंका नव्हती. तुमचे दीर, तात्या, पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुजं घर हलनार न्हाई. शब्द हाय माझा." कावळा नाही. मग तुमचा लेक पुढे झाला, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. "आई, आम्ही कुठं जात न्हाई. मिरजेचं नाव काढणार न्हाई." कावळा नाही. तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुमी म्हना. तिचा जीव तुमच्यात आडाकलाय. म्हना, जानार न्हाई."

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. काय म्हणायचं ते त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं. उलटं म्हणायचं होतं. 'आत्या, आम्ही जातोय.' बस्स.

मी लॅबमधली बाई. कावळा भूक असली की येतो आणि त्या सकाळी घाटावर तुमच्याआधी आणखी दोन दशक्रिया झाल्या होत्या, कावळ्यांची पोटं टम्म भरलेली होती, हे मला कळतं. तरी ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मनात म्हटलं, बसा आता. सहा तास मला दारात अडकवून ठेवलंत ना, आता तुम्ही बसा अडकून. मी हात जोडले नाहीत, काहीच बोलले नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. दोन मिनिटांत आटोपलं. मोशीची एवढी मालकीण गवताच्या कावळ्यावर गेली.

हा माझा सूड. मिळाला तेव्हा गोड लागला, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन अंघोळ करताना लक्षात आलं की मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. संतोषने शे-दीडशे माणसांसमोर, नदीच्या पाण्यात उभं राहून, मेलेल्या आईला शब्द दिला होता. आता मी सांगितलं असतं की आत्याच म्हणाल्या जा, तर कोण विश्वास ठेवणार? तिथे का नाही बोललीस, हेच पहिलं विचारलं असतं. मिरजेला सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि मी माझ्याच हाताने दाराला कडी लावून बसले होते.

मग गेल्या रविवारी, तेरावं होऊन दोन दिवस झाले होते, मी सकाळी सवयीने मशीन काढलं. सुई बसवली, पट्टी लावली आणि तुमच्या रिकाम्या पलंगाकडे बघत उभी राहिले. काय करावं ते सुचेना, म्हणून स्वतःचंच बोट टोचलं. आत्या, दुखलं. चांगलंच दुखलं. हलका-बिलका काही नाही माझा हात. एवढी वर्षं तुम्ही लेकाला खोटं सांगत होतात.

त्याच सकाळी चौकातला फ्लेक्स उतरवायचा होता. संतोष शिडीवर चढला, मी खाली शिडी धरली. वर तो पक्कडीने तारा सोडवत होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं.

"आत्या जायच्या आधी मला म्हणाल्या होत्या, मिरजेला जा."

पक्कडीचा आवाज थांबला. मी वाट बघत होते की आता ओरडेल, खोटं बोलतेस म्हणेल.

"माहितीये," तो म्हणाला. "मला पण म्हणली होती."

"कधी?"

"ॲडमिट व्हायच्या आदी. म्हणली, मी आता पुरायची न्हाई. तुजं तू सांग तिला."

"काय सांग?"

खालून एक कंपनीची बस गेली, शिडी हादरली, मी घट्ट धरली.

"मला नाय जायचं, मनीषा. कधीच नव्हतं जायचं. इथं चौकात उभा राहिलो तर चार माणसं हाक मारत्यात. तिथं कोण मी? कुणाच्यातरी तिसऱ्या खोलीतला भाडेकरू."

हे तो मला म्हणाला. तिसऱ्या खोलीत वाढलेल्या बाईला. आणि त्याच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

"मग त्या दिवशी? बॉक्सवर?"

"मीच म्हणलं होतं आईला. सकाळीच. म्हणलं, तू कायतरी कर. माझ्याच्यानं तिला नाय म्हणवत नाय."

शिडी सोडून द्यावी असं मला वाटलं. उगाच म्हणत नाही, बोटं सैल केली होती मी. मग वर बघितलं तर तुमचा चेहरा एका तारेवर तिरपा लोंबत होता आणि तुमच्या खांद्यावर माझी चार बोटं होती. मी शिडी पुन्हा धरली.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आत्या. तीही नऊ वर्षं, रोज थोडी थोडी. तुम्हाला संन्यासी म्हणवत नाही, तुम्हीही काही कमी नव्हता. भाडेकरी हा शब्द तुम्हीच त्याच्या डोक्यात भरलात, त्याची भीतीही तुमच्याच खुर्चीखाली वाढली. पण "बोल की रं आता" म्हणजे काय ते मला चार वर्षांनी, चौकात, शिडी धरून कळलं. तुम्ही त्याला माझ्या विरुद्ध चिथावत नव्हतात. सहा तास बॉक्सवर बसून तुमची कंबर मोडली होती आणि तुम्ही त्याला विनवत होतात की बाबा, तुझं तू सांग आणि मला उठू दे. तो बोलला नाही. मग तुम्ही बसून राहिलात. त्याच्या वाटचा माझा सगळा राग तुम्ही अंगावर घेतलात आणि वर मी मुद्दाम खोल टोचलं तेही बिनबोभाट सोसलंत.

आणि त्या दुपारी तुम्ही काय म्हणालात ते मी नीट ऐकलंच नव्हतं. 'पोरीला घेऊन जा' म्हणालात. संतोषला घेऊन जा असं म्हणाला नाहीत. तो येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला परवानगी देत नव्हतात, त्याची वाट बघू नकोस म्हणून सांगत होतात. आणि मी भरलेली बाटली भरायला गेले.

यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. एकदा तरी सांगायचं होतंत! ओट्याशी दोघीच असायचो आपण, एवढ्या जवळ की कोपराला कोपर लागायचं. "माझा लेक भित्रा हाय" एवढे चार शब्द. पण ते तुमच्या तोंडून निघाले नाहीत. भाडेकऱ्याच्या पोरीसमोर लेकाला उणं आणायचं नव्हतं तुम्हाला. त्यापेक्षा वाईटपणा घेतलात. मी तुमच्या जागी असते तर ओवीसाठी काय केलं असतं, हा विचार मला करायचा नाही. निदान आज नाही.

सोमवारी मी मिरजेला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. संतोष दारात उभा राहून ऐकत होता.

"आणि मी?" त्याने विचारलं.

"तू तुझं ठरव," मी म्हटलं. "या वेळी आईला विचारता येणार नाही."

तो खूप रडला त्यानंतर. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण म्हटलेलं मागे घेतलं नाही. तो म्हणतो, घाटावर शब्द दिलाय. मी म्हटलं, तू दिलायस, मी हात जोडले नव्हते. भावकीला काय सांगायचं ते त्याचं त्याने बघावं. इतकी वर्षं त्याच्यासाठी सांगणारी होती, आता त्याला सवय करावी लागेल. शनिवार-रविवार तो येईल की कायमचा येईल की येणारच नाही, मला माहीत नाही. मला भीती वाटते. हे तुम्हाला सांगते, त्याला सांगितलेलं नाही.

काल बॉक्स माळ्यावरून काढला. मार्करची अक्षरं अजून ठळक आहेत. दबलेलं झाकण सरळ करायला गेले आणि हात मागे घेतला. राहू दे तसंच. भांडी भरली आणि वरून सुतळी बांधली. आणि तुमचा फ्लेक्स मी फेकलेला नाही. गावात लोक जुने फ्लेक्स पाण्याच्या टाकीवर टाकतात, जळणावर टाकतात. मी तो शनिवारी टेम्पोतल्या सामानावर टाकणार आहे, पावसाचं काही सांगता येत नाही. मोठा बॉक्स सगळ्यात वर येईल, म्हणजे तुम्ही पुन्हा त्याच बॉक्सवर बसणार, मनमिळाऊ वगैरे लिहिलेल्या. या वेळी टेम्पो हलणार. खंबाटकी घाट चढेल, साताऱ्यावरून जाईल, कराड ओलांडेल. बसा मेथी निवडत.

आता शेवटचं. तुमचं पहिलं मासिक जवळ आलंय. संतोष मोशीत विधी करील, गुरुजी येतील, तात्या येतील, सगळं रीतीने होईल. मीही त्या दिवशी मिरजेत एक पान वाढणार आहे. मंत्र मला येत नाहीत. खिडकीत ठेवीन आणि घाटावर गिळलेलं ते वाक्य मोठ्याने म्हणेन, ओवीला ऐकू जाईल असं. त्या दिवशी तुमची साखर कोणी तपासणार नाही.

दोन्हीकडे एकाच वेळी तुम्हाला जेवता येणार नाही. नऊ वर्षं मला जे ठरवू दिलं नाहीत ते आता तुम्ही ठरवा, मोशी की मिरज. घर भाड्याचं आहे, तिसऱ्या मजल्यावरचं. पातेली भरलेली असतील. संतोषला मी जिलबी करायला सांगितलेली नाही.